विश्लेषण : जादा पास्ता हा नियमभंग, अत्याचार मात्र नियमाबाहेर… अमेरिकी महाविद्यालयीन खेळांत गैरप्रकार कशाला म्हणतात?

अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील संघराज्य सरकारी वकिलांनी जानेवारी २०२६ मध्ये २६ जणांविरुद्धचे आरोपपत्र जाहीर केले. महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील १७ हून अधिक संघांच्या ३९ हून अधिक खेळाडूंना हाताशी धरून सामन्यांतील गुणफरक पैसे देऊन ठरवला, असा हा आरोप आहे. या खेळांवर शतकभर देखरेख करणाऱ्या ‘एनसीएए’ या संस्थेचे नियमपुस्तक शेकडो पानांचे आहे. खेळाडूने कोणाच्या गाडीतून फुकट प्रवास करावा, नाश्त्याला काय खावे, इथवरचा तपशील त्यात असायचा. तरीही सर्वात गंभीर प्रकरणे हाताळावी लागली ती पोलिसांना, न्यायालयांना नाहीतर पत्रकारांना. नियम इतके आणि पकड इतकी ढिली, असे का झाले?

आरोपपत्रात काय आहे?

आरोपानुसार, या टोळीने सुरुवात केली चीनमधील व्यावसायिक बास्केटबॉल लीगपासून. तिथे जमल्यावर मोर्चा अमेरिकी महाविद्यालयांकडे वळला. खेळाडूला एका सामन्यासाठी साधारण १० ते ३० हजार डॉलर देऊ करण्यात आले आणि मग टोळीने त्या सामन्यांवर मोठ्या रकमा लावल्या. कोण दोषी, कोण नाही, याचा निर्णय न्यायालयातच होईल. पण पद्धत समजून घेण्यासारखी आहे.

या सट्ट्यात कोण जिंकणार एवढ्यावरच पैसे लागत नाहीत. किती गुणांच्या फरकाने, यावर लागतात. समजा, एक बलाढ्य संघ आठ गुणांनी जिंकेल असा भाव आहे. त्या संघातील एखाद्याने दोन फेक मुद्दाम चुकवले आणि संघ पाचच गुणांनी जिंकला, तर प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने पैसे लावणारा मालामाल होतो. संघ तर जिंकलेलाच असतो. प्रशिक्षक खूश, प्रेक्षक खूश. दुबळ्या संघात तर काम आणखी सोपे. नाहीतरी हरायचेच आहे, मग दहाऐवजी चौदा गुणांनी हरलो तर काय बिघडले, अशी समजूत काढली जाते. आयपीएलमधील २०१३ च्या प्रकरणात एका षटकात ठरावीक धावा देण्याचा आरोप होता, त्याच कुळातला हा प्रकार. सामना विकला असे खेळाडूला वाटतच नाही, हीच या व्यवहाराची खरी ताकद.

यात नवे काही नाही. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजच्या संघाने १९५० मध्ये देशातील दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि पुढच्याच वर्षी त्याच संघातील खेळाडू गुणफरक ठरवल्याबद्दल अटकेत होते. तपास न्यूयॉर्कच्या जिल्हा सरकारी वकिलांचा होता. बोस्टन कॉलेजच्या १९७८-७९ च्या हंगामातील प्रकरणात हेन्री हिल हा गुंड सामील होता. ‘गुडफेलाज’ या चित्रपटातील नायक त्याच्यावरूनच घेतलेला आहे.

‘एनसीएए’ हे प्रकरण काय आहे?

आपल्याकडे आंतरविद्यापीठ सामने बहुधा रिकाम्या गॅलरीपुढे होतात. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी कर्मचारी हा राज्यपाल किंवा कुलगुरू नसून सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक असतो. हे प्रमाण लक्षात घेतल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही.

१९०५ च्या हंगामात फुटबॉल खेळताना अनेक तरुणांचा मृत्यू झाला, तेव्हा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून घेतले. त्यातून १९०६ मध्ये जी संघटना उभी राहिली, तीच पुढे नॅशनल कॉलेजिएट अॅथलेटिक असोसिएशन झाली. म्हणजे जन्माचे कारण खेळाडूंचा जीव वाचवणे हे होते. आज सुमारे ११०० महाविद्यालये आणि पाच लाखांहून अधिक खेळाडू तिच्या छत्राखाली आहेत. वसंत ऋतूतील बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा २०३२ पर्यंत वाढवलेला करार ८.८ अब्ज डॉलरचा आहे.

हा पैसा उभा राहिला तो एका शब्दावर : हौशी. खेळणारा हा आधी विद्यार्थी. त्याला शिष्यवृत्ती मिळेल, मोबदला नाही. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जोडशब्द संघटनेने १९५० च्या दशकात रूढ केला. मैदानात जखमी झालेल्या किंवा दगावलेल्या खेळाडूला ‘कामगार’ ठरवून नुकसानभरपाई मागितली जाऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. हे कोणा टीकाकाराचे म्हणणे नाही. १९५१ पासून साडेतीन दशके संघटना चालवणारे वॉल्टर बायर्स यांनीच निवृत्तीनंतर आपल्या आठवणींत ते लिहिले.

नियमभंगाची चौकशी करणारी यंत्रणा संघटनेकडे आहे, पण साक्षीदाराला समन्स काढण्याचा अधिकार नाही. नोकरी सोडून गेलेला प्रशिक्षक किंवा बाहेरचा देणगीदार तिच्यापुढे येण्यास बांधील नसतो. दुसरीकडे, संघटना ही सरकार नसल्याने तिच्यावर सरकारसारखी घटनात्मक बंधने नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये टार्केनियन खटल्यात ठरवले. त्यामुळे बऱ्याच चौकशा महाविद्यालयांनी स्वतःहून दिलेल्या कबुलीवर चालतात. आणि महाविद्यालये कबुली देतात ती सहसा किरकोळ गोष्टींची.

पैशांचा नियमभंग एवढा गंभीर का मानला गेला?

कारण हौशीपणा हाच व्यवसायाचा पाया होता. टेक्सासमधील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचे उदाहरण या बाबतीत सर्वात गाजलेले. १९८५ मध्ये शिक्षा झाल्यानंतरही तिथल्या १३ फुटबॉलपटूंना एका देणगीदाराच्या निधीतून सुमारे ६१ हजार डॉलर वाटले जात होते. संघटनेने फेब्रुवारी १९८७ मध्ये त्या वर्षीचा संपूर्ण हंगामच रद्द केला. पुढच्या वर्षी केवळ परगावचे सामने खेळण्याची मुभा होती, तेही विद्यापीठाने सोडून दिले. आठवडाभरात टेक्सासचे गव्हर्नर बिल क्लेमंट्स यांनी कबूल केले, की विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे प्रमुख असताना हे वाटप सुरू ठेवायला आपली संमती होती. शब्द दिलेल्या खेळाडूंना मध्येच कसे सोडायचे, असा तो विचार होता. त्या संघाला हंगामाअखेरच्या ‘बोल’ सामन्यात पुन्हा पोहोचायला २००९ उजाडले. ‘मृत्युदंड’ म्हणून ओळखली जाणारी ही शिक्षा वरच्या श्रेणीतील एकाही संघाला नंतर झालेली नाही.

२००५ चा सर्वोत्तम फुटबॉलपटू रेजी बुश याच्या कुटुंबाने भावी एजंटांकडून घर व इतर लाभ घेतल्याबद्दल त्याच्या विद्यापीठाला २०१० मध्ये शिक्षा झाली आणि बुशने हाइसमन चषक परत केला. प्रशिक्षक पीट कॅरोल तोवर व्यावसायिक लीगमध्ये निघून गेले होते. हे वारंवार घडते. शिक्षा येईपर्यंत तीन-चार वर्षे उलटतात. ज्यांनी केले ते बाहेर पडलेले असतात आणि शिष्यवृत्त्या कापल्या जातात, सामने बुडतात ते तेव्हा शाळेत असलेल्या मुलांचे.

मोठ्या रकमांबरोबर याच कलमांखाली काय काय येत होते, तेही पाहावे. महाविद्यालयाने खेळाडूला मधल्या वेळी बेगल, म्हणजे तो गोल, भोकाचा पाव द्यायला परवानगी होती. त्यावर चीज किंवा लोणी लावले की तो ‘जेवण’ ठरायचा आणि नियमभंग व्हायचा. ओक्लाहोमा विद्यापीठाने २०१४ मध्ये संघटनेला कळवले, की पदवीदान मेजवानीत आमच्या तीन खेळाडूंनी परवानगीपेक्षा जास्त पास्ता खाल्ला. प्रत्येकाने ३ डॉलर ८३ सेंट धर्मादाय संस्थेला देऊन प्रकरण मिटवले. त्याच वर्षी कनेक्टिकटला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा शबाझ नेपियर पत्रकारांना म्हणाला, की कधीकधी आपण उपाशीपोटी झोपतो. त्यानंतर काही दिवसांतच जेवणावरची मर्यादा उठली. करारातून अब्जावधी येत असताना पास्त्याचे वजन करणारी यंत्रणा काय जपत होती, हे सांगायला आणखी पुरावा लागू नये.

मग वर्गात बनवाबनवी झाली तर?

मुलाला मोबदला नाही, पण शिक्षण मिळते, हा या व्यवस्थेचा मुख्य बचाव. म्हणून नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे प्रकरण सर्वात जिव्हारी लागायला हवे होते. तिथल्या आफ्रिकी व आफ्रो-अमेरिकी अभ्यास विभागात १९९३ ते २०११ अशी १८ वर्षे न भरणारे वर्ग चालत होते. तास नाही, प्राध्यापक नाही. सत्राअखेर एक निबंध द्यायचा. तो तपासून भरघोस गुण द्यायची ती विभागाच्या कार्यालयातील कर्मचारी. माजी सरकारी वकील केनेथ वेनस्टीन यांच्या २०१४ मधील अहवालानुसार ३१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी याचा लाभ घेतला आणि त्यातले जवळपास निम्मे खेळाडू होते. विद्यापीठात खेळाडूंचे प्रमाण चार-पाच टक्क्यांच्या घरात असते, हे लक्षात घेतले की ‘निम्मे’चा अर्थ कळतो. खेळाडूंना अभ्यासात मदत करण्यासाठी नेमलेले समुपदेशकच त्यांना या वर्गांकडे पाठवत होते.

‘एनसीएए’चा निकाल आला ऑक्टोबर २०१७ मध्ये : विद्यापीठाला शिक्षा नाही. कारण विचित्र असले तरी नियमपुस्तकाच्या भाषेत अचूक होते. हे वर्ग सर्व विद्यार्थ्यांना खुले होते. त्यामुळे खेळाडूंना ‘जादा लाभ’ मिळाला असे म्हणता येत नाही. आणि अभ्यासक्रम खरा की खोटा, हे ठरवण्याचा अधिकार विद्यापीठाचा. विद्यापीठाने हे वर्ग आपल्या नियमांत बसत होते, अशी भूमिका घेतल्यावर विषयच संपला. थोडक्यात, फसवणूक फक्त खेळाडूंपुरती ठेवली असती तर शिक्षा झाली असती. सगळ्यांना वाटली म्हणून विद्यापीठ सुटले.

यात फसले कोण, हा प्रश्न निकालात कुठेच नाही. ज्या मुलांना शिक्षणाच्या बदल्यात खेळवले, त्यांच्या हाती पदवी आली पण शिक्षण आले नाही. फुटबॉल-बास्केटबॉलमधून व्यावसायिक लीगपर्यंत पोहोचणारे शंभरात दोन-चारही नसतात. उरलेल्यांचा आधार ती पदवीच असते.

देहावरच्या अन्यायाचे काय?

इथे नियमपुस्तकाची पाने जवळजवळ कोरीच होती.

पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे माजी सहायक प्रशिक्षक जेरी सँडस्की यांना बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या ४५ आरोपांत २०१२ मध्ये दोषी ठरवण्यात आले. ‘एनसीएए’ने विद्यापीठाला सहा कोटी डॉलर दंड केला, चार वर्षे ‘बोल’ सामन्यांना बंदी घातली आणि ११२ विजय पुसून टाकले. पण हा निर्णय नेहमीच्या चौकशीतून आलेला नव्हता; अध्यक्षांनी विशेष अधिकार वापरून तो घेतला होता. राज्यातील नेते न्यायालयात गेले आणि २०१५ मध्ये तडजोड होऊन पुसलेले विजय परत मिळाले. हात पोळल्यावर संघटनेने तो मार्ग पुन्हा धरला नाही.

मिशिगन स्टेट विद्यापीठातील डॉक्टर लॅरी नासर याने उपचाराच्या नावाखाली शेकडो मुलींवर अत्याचार केले. विद्यापीठाने ३३२ पीडितांसाठी ५० कोटी डॉलरची भरपाई मान्य केली. ‘एनसीएए’ने मात्र २०१८ मध्ये नियमभंग आढळला नसल्याचे कळवले. बेलर विद्यापीठात फुटबॉलपटूंवरील बलात्काराच्या तक्रारी वर्षानुवर्षे दाबल्या गेल्याचे २०१६ मध्ये बाहेर आले. मुख्य प्रशिक्षक गेले, विद्यापीठाचे अध्यक्षही गेले. पाच वर्षांनी संघटनेच्या समितीने विद्यापीठाच्या वागण्यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले आणि यात आमच्या नियमांचा भंग सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष दिला. तक्रारी न नोंदवण्याची सवय सगळ्या विद्यापीठातच होती, खेळाडूंना वेगळी वागणूक नव्हती, हा त्यातला युक्तिवाद. नॉर्थ कॅरोलायनाचाच तर्क, यावेळी बलात्काराच्या तक्रारींना लावलेला.

मैदानावरील छळाचीही हीच कथा. मेरिलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा फुटबॉलपटू जॉर्डन मॅकनेअर २०१८ च्या उन्हाळ्यात सरावादरम्यान उष्माघाताने कोसळला आणि दोन आठवड्यांनी त्याचा मृत्यू झाला. त्याच्यावर वेळेत उपचार झाले नाहीत, हे विद्यापीठाने मान्य केले. त्याआधी २०११ मध्ये त्याच राज्यातील एका छोट्या महाविद्यालयाचा डेरेक शीली हा खेळाडू सरावात डोक्याला मार लागून दगावला होता. त्याच्या पालकांनी दावा लावल्यावर ‘एनसीएए’ने २०१३ मध्ये न्यायालयात लेखी म्हणणे दिले, की खेळाडूंचे संरक्षण करण्याचे कोणतेही कायदेशीर कर्तव्य आमच्यावर नाही. १९०६ मध्ये ज्या कारणासाठी संघटना जन्मली, त्या कारणाचाच हा इन्कार होता.

डावपेचांची चोरी किती गंभीर?

या गटातील प्रकरणे प्रेक्षकांना सर्वाधिक रंजक वाटतात. मिशिगनच्या फुटबॉल संघातील एक कर्मचारी प्रतिस्पर्ध्यांच्या सामन्यांना माणसे पाठवून त्यांच्या खाणाखुणा टिपून घेत असल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. असे प्रत्यक्ष हेरगिरीचे काम १९९४ पासून निषिद्ध आहे. त्याच हंगामात मिशिगनने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. प्रशिक्षक जिम हारबॉ व्यावसायिक लीगमध्ये गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठाला काही कोटी डॉलरचा दंड झाला, पण विजेतेपद शाबूत राहिले. पुढच्या मुलांना शिक्षा नको म्हणून स्पर्धाबंदी टाळली, हा त्यातला बदल स्वागतार्ह आहे. टेनेसीलाही २०२३ मध्ये, दोनशेहून अधिक नियमभंग सापडल्यावर, बंदीऐवजी ८० लाख डॉलरचा दंडच झाला होता. अर्थात एवढे पैसे असलेल्या विद्यापीठाला दंड हा खर्चाचा एक रकाना ठरू शकतो.

कालचा गुन्हा आज करार कसा झाला?

सप्टेंबर २०१७ मध्ये एफबीआयने चार सहायक प्रशिक्षक आणि एका बूट कंपनीच्या अधिकाऱ्यासह दहा जणांना पकडले. होतकरू बास्केटबॉलपटूंच्या घरच्यांना पैसे देऊन त्यांना ठरावीक विद्यापीठांकडे वळवल्याचा आरोप होता. सरकारी वकिलांच्या मांडणीत फसवणूक झाली होती विद्यापीठांची, कारण त्यांना अपात्र खेळाडू मिळाला. ज्युरीने ती मान्य केली आणि माणसे तुरुंगात गेली.

चार वर्षांत जमीन सरकली. जून २०२१ मध्ये आल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी ‘एनसीएए’ची शिक्षणाशी निगडित लाभांवरील बंधने स्पर्धाविरोधी ठरवली. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचे नाव, छबी यांच्या वापराचे पैसे घेता येऊ लागले. देणगीदार आता उघडपणे ‘कलेक्टिव्ह’ नावाचे निधी उभारतात. १९८५ च्या टेक्सासमधील त्या निधीचेच हे नोंदणीकृत रूप. बुशचा हाइसमन चषक एप्रिल २०२४ मध्ये त्याला परत मिळाला. जून २०२५ मध्ये न्या. क्लॉडिया विल्केन यांनी ‘हाऊस’ खटल्यातील तडजोड मंजूर केली. माजी व आजी खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर मिळतील आणि विद्यापीठांना पहिल्या वर्षी दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंतची रक्कम थेट खेळाडूंत वाटता येईल.

ज्या कलमांभोवती सगळी यंत्रणा उभी होती, ती कलमेच अशी गळून पडली. ज्यांची कारकीर्द त्या कलमांखाली संपली, त्यांना अर्थातच काही परत मिळाले नाही. आता नवे नियमभंग तयार झाले आहेत. दुसऱ्या संघातील खेळाडूला करार चालू असताना फूस लावणे हा त्यातला मोठा. विस्कॉन्सिन विद्यापीठाने याच कारणावरून जून २०२५ मध्ये मायामी विद्यापीठाला न्यायालयात खेचले. जाहिरातीच्या नावाखाली खेळण्याचाच मोबदला देणे हा दुसरा. सहाशे डॉलर किंवा त्याहून मोठा प्रत्येक बाहेरचा करार नव्या कॉलेज स्पोर्ट्स कमिशनच्या यंत्रणेकडे नोंदवून तपासून घ्यावा लागतो. म्हणजे नवी संस्थाही पुन्हा खेळाडूच्या खिशाचीच झडती घेण्यापासून सुरू झाली.

सट्ट्यापुढे यंत्रणा तोकडी का?

क्रीडा सट्ट्यावरील देशव्यापी बंदी सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये रद्द केली आणि बहुतेक राज्यांनी तो कायदेशीर केला. आता वसतिगृहातील प्रत्येक मुलाच्या फोनमध्ये बुकीचे दुकान आहे. संपूर्ण सामन्यावर नव्हे, तर एका खेळाडूच्या एका सामन्यातील गुणांवरही पैसे लावता येतात. तो खेळाडू शेजारच्या खोलीत राहत असतो, वर्गात बाजूला बसतो. त्याला दुखापत आहे का, तो उद्या खेळणार का, एवढी माहितीही विकाऊ ठरते.

अलाबामा विद्यापीठाच्या बेसबॉल प्रशिक्षकाचे २०२३ मधील प्रकरण याच प्रकारचे. आपला मुख्य गोलंदाज आज खेळणार नाही, ही बातमी त्याने ओळखीच्या माणसाला आधीच कळवली. तो माणूस सिनसिनाटीतील सट्ट्याच्या दुकानात एक लाख डॉलर लावायला निघाला होता. दुकानाने १५ हजारांवर रोखले आणि संशयाची सूचना पुढे गेली. प्रशिक्षकाची नोकरी गेली, नंतर १५ वर्षांची बंदी आली. पकडले कोणी? सट्टेबाजारावर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेने. बेकायदा बुकीकडे गेला असता तर कदाचित कळलेही नसते.

पकडण्याच्या घाईत उलटेही होते. आयोवात २०२३ मध्ये राज्याच्या तपास अधिकाऱ्यांनी खेळाडूंच्या सराव संकुलांतून कोणाच्या फोनवर सट्ट्याचे अॅप उघडले जाते, हे वॉरंटशिवाय पाहिले. काहींवर गुन्हे दाखल झाले, हंगाम बुडाले. मार्च २०२४ मध्ये चौघांवरील खटले मागे घ्यावे लागले. आणि संघटनेचे स्वतःचे धोरण? ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने खेळाडूंना व्यावसायिक सामन्यांवर पैसे लावायला परवानगी देण्याचे ठरवले, ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये सदस्य महाविद्यालयांनी ती रद्द केली. अध्यक्ष चार्ली बेकर वैयक्तिक कामगिरीवरील सट्टा बंद करा म्हणून राज्यांना विनवत आहेत. ओहायोसह काही राज्यांनी ऐकले, बाकीच्यांना करमहसूल हवा आहे.

मोबदला मिळू लागला म्हणजे लाच घेणारे उरणार नाहीत, ही आशा फोल ठरली, तेही समजण्यासारखे आहे. कोट्यवधींचे वाटप मोठ्या विद्यापीठांत होते. जानेवारीतील आरोपपत्रातली बरीच नावे छोट्या महाविद्यालयांच्या संघांतली आहेत. तिथे वीस हजार डॉलर ही वर्षभराच्या कमाईपेक्षा मोठी रक्कम असते.

भारतीय खेळाडूंचा याच्याशी काय संबंध?

थेट आहे. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ मध्ये राष्ट्रीय एकेरी विजेता ठरला. उंच उडीतील तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटचा, तर आशियाई सुवर्णपदक विजेती महाराष्ट्राची टेनिसपटू ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमची. पुणे-मुंबईतील अकादम्यांतून टेनिस, स्क्वॉश, जलतरण या खेळांतील मुले आता नियमितपणे हा मार्ग धरतात. त्यांच्या पालकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. छबीच्या वापराचे पैसे आता अमेरिकी मुलांना मोकळे असले, तरी ‘एफ-१’ विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला अमेरिकेत राहून तसे काम करणे व्हिसाचा भंग ठरू शकते. तिथे शिक्षा सामनाबंदीची नसते, देश सोडण्याची असते. दुसरी, प्रवेशाआधी व्यावसायिक स्पर्धांत मिळालेल्या बक्षिसाची. टेनिसमध्ये वर्षाला १० हजार डॉलर आणि त्यावर प्रत्यक्ष खर्च, एवढीच मुभा होती. अमेरिकी खुल्या स्पर्धेत २०२१ मध्ये सुमारे ४९ हजार डॉलर जिंकलेल्या रीस ब्रँटमायरला त्यामुळे पात्रतेसाठी झगडावे लागले आणि तिने २०२४ मध्ये या नियमालाच न्यायालयात आव्हान दिले. बक्षिसाचा धनादेश वठवण्याआधी महाविद्यालयाच्या नियमपालन कार्यालयाला लेखी विचारलेले बरे.

पुढे काय?

अमेरिकी काँग्रेसपुढे ‘स्कोअर’ नावाचे विधेयक आहे. ‘एनसीएए’ला स्पर्धाविरोधी कायद्याच्या दाव्यांपासून संरक्षण द्यावे आणि खेळाडूंना कर्मचारी मानले जाऊ नये, ही त्यातील मुख्य कलमे. प्रतिनिधीगृहातील मतदान डिसेंबर २०२५ मध्ये ऐनवेळी मागे घेण्यात आले, कारण रिपब्लिकनांतच एकमत नव्हते. संघटना या विधेयकासाठी वर्षानुवर्षे वॉशिंग्टनमध्ये खटपट करत आहे. वर्गातील बनावट गुण, दाबलेल्या अत्याचाराच्या तक्रारी किंवा सरावात गेलेला जीव यांची चौकशी कोणी आणि कोणत्या नियमाखाली करायची, यावर मात्र तिने एवढा जोर लावलेला नाही.